संत कोलमकिल यांचं जन्मस्थान गार्टन, ‘तुरस’ आणि आयोना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आयर्लंडच्या वायव्य टोकाला, डोनेगॉलला निघालेली मराठी मंडळी मला हे प्रश्न सतत पाठवतात. काही जण डब्लिनला नोकरीला असतात, काही जण लेकीकडे किंवा मुलाकडे सहा-आठ आठवड्यांसाठी आलेले आईवडील असतात. बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण भारतीय पासपोर्ट असेल तर प्रश्न ६ आणि ७ वाचल्याशिवाय तिकीट काढू नका.

१. कोलमकिल म्हणजे कोण? कोलंबा आणि कोलमकिल एकच का?

एकच. आयरिश भाषेत ‘कोलम किल’ म्हणजे ‘चर्चचं कबूतर’, आणि लॅटिनमध्ये कबुतराला ‘कोलुंबा’. स्कॉटलंडमध्ये कोलंबा म्हणतात, डोनेगॉलमध्ये कोलमकिलच म्हणतात. पॅट्रिक आणि ब्रिजिड यांच्याबरोबर आयर्लंडच्या तीन रक्षक संतांत त्याची गणना होते. जन्म परंपरेनं ७ डिसेंबर ५२१. वडील फेलिमी हे उत्तरेतल्या राजघराण्यातले, आई एथ्ना. राजा होण्याचा हक्क असलेला हा मुलगा भिक्षू झाला, त्यानं मठ उभारले, आणि ५६३ साली बारा सोबत्यांसह समुद्र ओलांडून आजच्या स्कॉटलंडमधल्या आयोना बेटावर गेला. ९ जून ५९७ रोजी तिथेच त्याचा मृत्यू झाला.

२. इटलीत ज्याचं समाधिस्थान आहे तो हाच का?

नाही. तो कोलंबानस, लीन्स्टर प्रांतातला. तो युरोपच्या मुख्य भूमीवर गेला आणि ६१५ साली इटलीतल्या बोबिओला वारला. नावं जवळची, काळही जवळचा, म्हणून नेहमी गोंधळ होतो. डोनेगॉल आणि आयोनाचा तो कोलमकिल, बोबिओचा तो कोलंबानस.

३. गार्टन नेमकं कुठे आहे आणि तिथे पाहायचं काय?

डोनेगॉल परगण्यात, लेटरकेनी शहराच्या वायव्येला, चर्चहिल गावाजवळ. गार्टन हे शहर नाही, धड गावही नाही. एक तळं, भोवती टेकड्या, आणि विखुरलेली चार-पाच ठिकाणं. तळ्याकाठी कोलमकिल वारसा केंद्र आहे, त्याची कथा तिथे नीट समजते. ते वर्षभर उघडं नसतं, म्हणून आधी चौकशी करा. जवळच्या चढावर जन्मस्थानाची खूण म्हणून मोठा दगडी क्रॉस आहे. थोड्या अंतरावर ती प्रसिद्ध शिळा (प्रश्न ५). शिवाय पडक्या प्रार्थनामंदिराचे अवशेष, ओ’डॉनेल सरदारांची दफनभूमी आणि पवित्र विहीर.

बाप्तिस्मा झाला असं सांगतात ते टेंपल डग्लस आणि बालपण गेलं ते किलमक्रेनन, दोन्ही गाडीनं जवळ आहेत.

लोक ग्लेनव्हे राष्ट्रीय उद्यान पाहायला जातात आणि वाटेत अर्धा तास गार्टनला थांबतात. तसं करू नका. अर्ध्या तासात एक क्रॉस दिसेल, फोटो निघेल आणि ‘इथे काही नाही’ असं वाटून तुम्ही परताल. किमान अर्धा दिवस द्या.

४. जन्म तिथेच झाला याला पुरावा काय?

लेखी पुरावा म्हणाल तर तो उशिराचा आहे. कोलमकिलचं सर्वांत जुनं सविस्तर चरित्र आयोनाचा नववा मठाधिपती ॲडोमनान यानं त्याच्या मृत्यूनंतर सुमारे शंभर वर्षांनी लॅटिनमध्ये लिहिलं. त्यात आईवडिलांची नावं आहेत, गार्टनचं नाव नाही. ते येतं पुढच्या आयरिश चरित्रांत. १५३२ साली माग्नस ओ’डॉनेल या डोनेगॉलच्याच सरदारानं सगळ्या कथा एकत्र करून मोठं चरित्र लिहवून घेतलं. ओ’डॉनेल घराणं संताच्याच कुळातलं, त्यामुळे अभिमान त्यात आहेच.

पण ज्या जागेकडे लोक शतकानुशतकं चालत येत राहिले, तिचं मोल कागदावर ठरत नाही असं मला वाटतं. ‘इथेच जन्मला’ हे इतिहास म्हणून नाही, परंपरा म्हणून ऐका.

५. ‘एकटेपणाची शिळा’ म्हणजे काय? तिच्यावर झोपतात हे खरं का?

आयरिशमध्ये तिला ‘ल्याक ना कू’ म्हणतात. ‘कू’ म्हणजे ताटातुटीचं दुःख, घराच्या आठवणीनं आत काहीतरी तुटणं. मूळची ही प्रागैतिहासिक शिळा, कोलमकिलच्याही हजारो वर्षं आधीची. तिच्यावर वाटीसारखे गोल खळगे कोरलेले आहेत. देश सोडून जायच्या आदल्या रात्री कोलमकिल या शिळेवर झोपला आणि त्याचं दुःख तिनं हलकं केलं, अशी श्रद्धा आहे. पुढे अमेरिकेला, ऑस्ट्रेलियाला निघालेली डोनेगॉलची माणसं जायच्या आधी इथे येऊन या शिळेवर झोपत, म्हणजे परदेशात घराची आठवण जिवाला खाणार नाही.

हे वाचून नुसतं ‘छान लोककथा’ म्हणू नका. याच डोंगरांत, डेरीव्हे भागात, एप्रिल १८६१ मध्ये जॉन जॉर्ज अडेअर या जमीनदारानं ४७ कुटुंबांना घराबाहेर काढलं, एकूण २४४ माणसं. त्यांतले बरेच तरुण ऑस्ट्रेलियाला गेले. आणि जन्मस्थानावरचा तो मोठा क्रॉस उभारला तो याच अडेअरच्या विधवेनं, कॉर्नेलियानं, १९११ साली. दोन्ही गोष्टी एकाच टेकडीवर उभं राहून आठवल्या की पाय जड होतात.

आजही लोक शिळेवर क्षणभर आडवे होतात, खळग्यांत नाणी ठेवलेली दिसतात. तुम्ही हात ठेवा, हवं तर टेका. बूट घालून वर चढू नका, खळगे खरवडू नका.

माझी आई सांगलीहून आली होती तेव्हा परतायच्या आधीच्या शनिवारी आम्ही तिथे गेलो. सगळं ऐकून घेतल्यावर तिनं विचारलं, “जाणाऱ्यासाठी शिळा आहे, मागं राहणाऱ्यासाठी काय?” मला उत्तर देता आलं नाही. तिनं तळवा त्या खळग्यात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

६. आयर्लंडचा व्हिसा आहे. डेरीला आणि आयोनाला जाता येईल का?

सर्वांत जास्त चुका इथे होतात. गार्टन, ग्लेनकोलमकिल, स्लायगो हे सगळं आयर्लंड प्रजासत्ताकात. डेरी उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत. आयोना स्कॉटलंडमध्ये, म्हणजे तेही ब्रिटन. डोनेगॉल आणि डेरी यांच्यामध्ये ना फाटक, ना चौकी. रस्त्यावरचे फलक किलोमीटरचे मैल झाले एवढाच फरक. पण तपासणी नाही म्हणजे परवानगी आहे असं नाही. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनच्या हद्दीत पाऊल टाकायला ब्रिटनची परवानगी लागतेच.

आयर्लंडमध्ये नोकरी करणाऱ्यांनाही हे लागू आहे. आयरिश रहिवासी कार्ड ब्रिटनसाठी चालत नाही. शेंगेन व्हिसा तर दोन्हीकडे चालत नाही.

एक सोय मात्र आहे. भारतात अर्ज करणाऱ्या भारतीय नागरिकांच्या काही अल्पमुदतीच्या व्हिसांवर ‘बीआयव्हीएस’ (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) अशी अक्षरं असतात. त्या योजनेत एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं, पण ज्या देशानं व्हिसा दिला तिथे आधी उतरावं लागतं. ही अक्षरं नसतील तर ती सवलत नाही. घरातल्या प्रत्येकाचा कागद वेगळा तपासा : मुलाचा पासपोर्ट आयरिश, सुनेचा भारतीय, आईवडिलांचा व्हिसा तिसऱ्याच प्रकारचा, असं नेहमी असतं. नियम बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी दोन्ही सरकारांच्या अधिकृत पानांवर खात्री करून घ्या.

७. ब्रिटनची परवानगी नाही. डब्लिनहून बसनं लेटरकेनीला तर जाऊ शकतो ना?

थांबा. डब्लिन ते लेटरकेनी थेट बस ओमा आणि स्ट्रबेनवरून जाते, आणि ही दोन्ही गावं उत्तर आयर्लंडमध्ये आहेत. डब्लिन ते डोनेगॉल गावाची थेट बस एनिस्किलनवरून जाते, तेही उत्तर आयर्लंडच. म्हणजे बसमध्ये बसल्या बसल्या तुम्ही हद्द ओलांडता. तिकीट काढताना हे कोणी सांगत नाही.

पूर्णपणे प्रजासत्ताकातून जायचं तर डब्लिनहून रेल्वेनं स्लायगो, आणि तिथून डोनेगॉल गावामार्गे लेटरकेनीची बस. वेळ जास्त लागतो, पण रस्ता सुंदर आहे आणि वाटेत ड्रमक्लिफ येतं (प्रश्न १४). स्वतःच्या गाडीनंही हाच मार्ग घ्या. फोनमधला नकाशा ‘जवळचा रस्ता’ म्हणून हमखास उत्तर आयर्लंडमधून नेतो, तेव्हा स्लायगो हा थांबा आधीच टाकून ठेवा. तिसरा पर्याय डब्लिन ते डोनेगॉल विमानतळ असं छोटं विमान. डोनेगॉल परगण्यात रेल्वे नाहीच.

८. कधी जावं?

श्रद्धेनं जायचं असेल तर ९ जून. पुष्कळ जण विचारतात, जन्म डिसेंबरातला तर सण जूनमध्ये कसा? ख्रिस्ती परंपरेत संताचा दिवस बहुधा मृत्यूचा असतो. ज्ञानेश्वरांचा समाधी सोहळा आपण जसा मोठा मानतो, तसंच. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो हा फायदा. शांतपणे पाहायचं तर मे किंवा सप्टेंबर. हिवाळ्यात साडेचारला अंधारतं आणि पायवाटा चिखलात जातात.

९. ‘तुरस’ म्हणजे काय?

‘तुरस’ म्हणजे प्रवास. नैर्ऋत्य डोनेगॉलमधल्या ग्लेनकोलमकिल खोऱ्यात पंधरा थांब्यांची वर्तुळाकार पदयात्रा होते, तिला तुरस म्हणतात. अंतर सुमारे पाच किलोमीटर, वेळ साधारण तीन तास, कारण प्रत्येक थांब्यावर थांबून प्रार्थना म्हणायच्या असतात. सुरुवात गावातल्या चर्चजवळ, एका महापाषाणी थडग्यापासून. पुढचे अनेक थांबे म्हणजे शेताच्या कडेला उभ्या असलेल्या, क्रॉस आणि भूमितीय नक्षी कोरलेल्या प्राचीन शिळा. एका शिळेला आरपार भोक आहे. निर्मळ मनानं त्यातून पाहिलं तर स्वर्गाची झलक दिसते असं म्हणतात.

प्रदक्षिणा उजवीकडून, म्हणजे सूर्याच्या दिशेनं. आपल्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही, पाय आपोआप त्याच बाजूला वळतात. बऱ्याच थांब्यांवर तीन प्रदक्षिणा असतात. टेकडीवर कोलमकिलची विहीर आहे. तिथे चढताना प्रत्येकानं तीन दगड उचलून न्यायचे आणि प्रदक्षिणेगणिक एकेक ठेवायचा. शतकानुशतकं असे दगड पडत गेल्यानं विहिरीभोवती केवढी तरी रास झाली आहे. कोणी कलाकारानं रचलेली नाही, कोणा राजानं बांधलेली नाही. एकेका माणसाच्या तीन-तीन दगडांनी ती उभी राहिली. या सगळ्या यात्रेतली माझी सर्वांत आवडती जागा हीच.

९ जून ते १५ ऑगस्ट हा तुरसचा परंपरेचा काळ. काही थांबे खासगी शेतांत आहेत, तेव्हा इतर वेळी जायचं तर गावात विचारून जा, फाटक उघडलंत तर लावून घ्या, मेंढ्यांमध्ये कुत्रा नेऊ नका.

१०. आम्ही ख्रिस्ती नाही. तुरस केली तर चालेल का?

चालेल. मला आजवर कोणी अडवलं नाही. प्रार्थना येत नसतील तर शांत उभं राहा. गावकऱ्यांच्या मागोमाग चालायचं असेल तर आधी विचारा आणि त्यांची प्रार्थना चालू असताना फोटो काढू नका. ग्लेनकोलमकिल हा आयरिश भाषा बोलणारा प्रदेश आहे. भेटल्यावर ‘जीआ ग्विच’ एवढं म्हटलंत तरी समोरच्याचा चेहरा खुलतो.

११. अनवाणी चालणं सक्तीचं आहे का? आईचे गुडघे दुखतात.

सक्ती नाही. परंपरा अनवाणीची आहे आणि आजही काही जण ९ जूनला तशी करतात. पण वाट ओली, दगडांची, कुठे दलदलीची. सवय नसलेल्यानं पाणी आत न शिरणारे बूट घालावेत. गुडघेदुखी असेल तर अख्खी तुरस करू नका. रस्त्यालगतच्या दोन-तीन शिळा गाडीनं पाहता येतात. विहिरीचा चढ मात्र पायीच आहे.

१२. गार्टनची माती मिळते असं ऐकलं. ती घेता येते का?

स्वतः खणून घ्यायची नाही. ही माती आग आणि बुडण्यापासून वाचवते अशी श्रद्धा आहे, आणि ती उकरण्याचा मान परंपरेनं एकाच घराण्याचा, ओ’फ्रील या आडनावाच्या लोकांचा. दुसऱ्यानं काढली तर गुण नाही असं मानतात. वारसा केंद्रात विचारा. टोरी बेटावरच्या मातीबद्दलही अशीच समजूत आहे, ती उंदरांना पळवते.

भारतात न्यायची असेल तर लक्षात ठेवा, परदेशातून माती आणण्यावर आपल्याकडे निर्बंध आहेत. आठवण म्हणून रश गवताचा क्रॉस घ्यावा. तो ब्रिजिडचा, कोलमकिलचा नाही, हे खरं, पण विमानतळावर त्रास होत नाही.

१३. विहिरीजवळच्या झुडपांना चिंध्या बांधलेल्या दिसल्या. आपणही बांधाव्यात का?

ही बहुधा किलमक्रेननजवळची डून विहीर. दुखण्यातून बरं व्हावं म्हणून नवस बोलून लोक कापडाचा तुकडा, जपमाळ, कधी कुबडीसुद्धा ठेवून जातात. बांधायचीच असेल तर सुती चिंधी बांधा, काळाबरोबर ती विरून जाते. प्लास्टिक, नायलॉन नको. आणि दुसऱ्याची बांधलेली कधीही सोडू नका, तो कोणाचा तरी आजार आहे. शेजारच्या डून खडकावर ओ’डॉनेल सरदारांचा राज्याभिषेक होत असे. पाच मिनिटांचा चढ आहे, जरूर चढा.

१४. एका पुस्तकावरून लढाई झाली आणि त्यामुळे तो देश सोडून गेला, हे खरं का?

लढाई खरी. ५६१ साली स्लायगोजवळ, बेनबुलबेन डोंगराच्या पायथ्याशी कूल ड्रेव्हना इथे झाली. कारणाची गोष्ट नंतरची. ती अशी : कोलमकिलनं गुरू फिनियन यांच्याकडच्या स्तोत्रांच्या पोथीची गुपचूप नक्कल केली. गुरूंनी नक्कल मागितली. राजा दीअर्मिदनं निवाडा दिला, ‘गायीला तिचं वासरू, पुस्तकाला त्याची नक्कल.’ कोलमकिलच्या कुळानं हा निवाडा मानला नाही, माणसं मेली, आणि जेवढे मेले तेवढे आत्मे ख्रिस्ताकडे आणण्यासाठी तो निघाला. ॲडोमनान लढाईचा उल्लेख करतो, पोथीचा नाही.

ती नक्कल म्हणून मानली जाणारी पोथी मात्र अजून आहे. तिला ‘काहाख’ म्हणतात, म्हणजे ‘लढवय्यी’. ५८ पानं उरली आहेत. लढाईआधी ती सैन्याभोवती उजवीकडून तीनदा फिरवत. पोथी डब्लिनच्या रॉयल आयरिश अकॅडमीत आहे, पण नेहमी मांडलेली नसते, तेव्हा आधी विचारा. तिच्यासाठी केलेली धातूची पेटी राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

याच भागातलं ड्रमक्लिफ हे कोलमकिलच्या नावानं सांगितलं जाणारं मठस्थान. गोल मनोऱ्याचा बुंधा आणि उंच कोरीव क्रॉस आहे. बहुतेक लोक तिथे कवी येट्सची कबर पाहून परततात, क्रॉसकडे बघतही नाहीत.

१५. डेरीत काय पाहावं?

परवानगी असेल तर (प्रश्न ६) एक दिवस. डेरी म्हणजे ओकची राई. परंपरेनं कोलमकिलनं ५४६ साली इथे मठ स्थापला. लाँग टॉवर चर्च कॅथलिकांचं, जुन्या मोठ्या चर्चच्या जागेजवळ. सेंट कोलम कॅथेड्रल १६३३चं, प्रॉटेस्टंटांचं. ज्या शहरात या दोन समाजांनी इतकं सोसलं तिथे दोघांचाही संत एकच आहे. ९ जूनला लोक छातीवर ओकचं पान लावतात.

१६. आयोनाला कसं पोहोचायचं? डेरीहून बोट आहे का?

नियमित बोट नाही. बेलफास्ट किंवा डब्लिनहून विमानानं ग्लासगो, तिथून सुमारे तीन तासांची रेल्वे ओबनपर्यंत, ओबनहून मल बेटावरच्या क्रेगन्युअरला बोट, मग बसनं बेटाच्या दुसऱ्या टोकाला फिनफोर्ट, आणि शेवटी दहा मिनिटांची छोटी बोट. पाहुण्यांच्या गाड्या आयोनावर नेता येत नाहीत. हिवाळ्यात बस विरळ, आणि वारा सुटला की बोटी रद्द होतात. म्हणून परतीचं विमान त्याच दिवशी ठेवू नका. शक्य असेल तर बेटावर एक रात्र राहा. शेवटची बोट गेल्यावर जी शांतता उतरते ती दिवसाच्या गर्दीत कळत नाही.

१७. तिथे त्याची कबर आहे का?

जागा आहे, अस्थी नाहीत. मठाच्या दाराशेजारी छोटं मंदिर आहे, तिथे तो पुरला होता असं मानतात. व्हायकिंगांनी ७९५पासून बेट लुटलं, ८०६ साली ६८ माणसं मारली. ८४९ साली अस्थी स्कॉटलंडमधलं डंकेल्ड आणि आयर्लंड यांच्यात वाटल्या गेल्या. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातलं ‘बुक ऑफ केल्स’ हे बायबलच्या शुभवर्तमानांचं चित्रमय हस्तलिखित याच बेटाशी जोडलं जातं. आठव्या शतकातला सेंट मार्टिनचा क्रॉस मात्र अजून उभा आहे. मठाला प्रवेशमूल्य आहे, बेटाला नाही.

१८. शाकाहारी आहोत. भारतातून काय न्यावं?

चिवडा, खाकरा, कोरडी चटणी न्या. पेढे, बर्फी, तूप नेऊ नका : युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. गार्टन परिसरात खानावळी मोजक्या, लेटरकेनीहून डबा बांधून घ्या. जून ते ऑगस्ट वारा पडला की संध्याकाळी ‘मिज’ नावाची चिलटं चावतात. लांब बाह्यांचे कपडे ठेवा.

१९. मुंबईच्या सेंट कोलंबा शाळेचा संत हाच का?

हो. गावदेवीची ही मुलींची शाळा स्कॉटिश मिशनच्या परंपरेतली आहे. त्या शाळेच्या एक माजी विद्यार्थिनी गार्टनला आमच्याबरोबर होत्या. रोज प्रार्थनेच्या वेळी ऐकलेलं नाव दगडावर कोरलेलं पाहून त्या बराच वेळ गप्प होत्या.

२०. आयर्लंडला पुन्हा पाहायचं नाही अशी शपथ घेऊन गेला, मग परत आला कसा?

आयोनाच्या दक्षिणेला, तो उतरला त्या खाडीजवळ, एका दगडी राशीला ‘आयर्लंडकडे पाठ’ अशा अर्थाचं नाव आहे. आयर्लंड दिसत नाही याची खात्री करूनच तो थांबला असं सांगतात. पण ॲडोमनानच्या चरित्रात तो आयर्लंडला आल्याचं स्पष्ट आहे. ड्रम केत इथल्या राजांच्या मोठ्या सभेला तो हजर होता. लोककथेनं यावर स्वतःचा उपाय काढला : आयरिश भूमीला पाय लागू नये म्हणून त्यानं तळव्यांना स्कॉटलंडची माती बांधली होती, आणि डोळ्यांवर पट्टी. सभेची ती टेकडी लिमावाडी गावाजवळची मानतात. लिमावाडी उत्तर आयर्लंडमध्ये येतं, तेव्हा पुन्हा प्रश्न ६ पाहा.